दोघांत एक काजरा

राघव पिशारडी इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांच्या हृदयात एक जाळीदार नळी होती आणि डोक्यावर अकरा नवस होते. नळी डॉक्टरांनी बसवली होती. नवस त्यांच्या बायकोनं, तंकमनं, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून बोलले होते. तिथे तिला दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे देवांची यादी लांबत गेली होती.

दहा नवस दोन आठवड्यांत फिटले. दिवे लागले, नारळ फुटले, केळ्यांची तुला झाली. तुलेच्या वेळी पिशारडींचं वजन इस्पितळातल्या मिळमिळीत पेजेमुळे सहा किलोंनी उतरलेलं निघालं. तेवढी केळी वाचली, हे तंकमनं परतताना बसमधल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. पिशारडी खिडकीबाहेर बघत राहिले. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आपली घट केळ्यांत मोजलेली आवडत नाही.

अकरावा नवस झाडाचा होता. येत्या जन्मनक्षत्राच्या आत पिशारडींनी आपल्या नक्षत्राचं झाड स्वतःच्या हातानं लावावं आणि जगवावं. केरळातल्या त्यांच्या चेर्प गावात वाढदिवस तारखेनं येत नाही, नक्षत्रानं येतो. पिशारडींचा यायचा होता तूळ महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरअखेरीस. हातात तीन महिने होते. तीन महिन्यांत एक रोप लावायचं म्हणजे काय मोठंसं, असं त्यांना वाटलं. असंच वाटून त्यांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टी सुरू केल्या होत्या.

नवरा-बायको कुंजन पणिक्करांकडे गेले. पणिक्करांच्या घरात सात पिढ्यांचं ज्योतिष होतं आणि ते प्रत्येक प्रश्नाआधी सातही पिढ्यांना विचारल्यासारखे डोळे मिटून घेत.

"झाड म्हणजे माणसाचा जामीन," पणिक्कर म्हणाले. "सत्तावीस नक्षत्रं, सत्तावीस झाडं. आपल्या झाडाला पाणी घालावं, नमस्कार करावा, त्याची फांदी मोडू नये. ते जोमात वाढलं की इकडे आयुष्यही वाढतं."

हे पिशारडींना पटलं. त्यांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, "हिचं कुठलं?"

"अनुराधा नक्षत्र. म्हणजे बकुळ."

तंकम लाजली. चाळीस वर्षांत ती नवऱ्याच्या कुठल्या बोलण्यावर एवढी लाजली नव्हती.

"आणि माझं अश्विनी," पिशारडी म्हणाले. बायकोला बकुळ म्हटल्यावर आपल्याला निदान चंदन, असा त्यांचा हिशेब होता.

"अश्विनीला काजरा."

"काजरा म्हणजे," पिशारडींनी घसा साफ केला, "ज्याच्या बिया घालून उंदीर मारतात, तो?"

"कुत्रीसुद्धा," पणिक्कर म्हणाले. अर्धवट माहिती देणं त्यांना आवडत नसे. मग समोरचा चेहरा पाहून त्यांनी भर घातली, "पण बिया नीट शुद्ध केल्या तर लकव्यावर औषध आहे. आणि त्याच्या लाकडाला वाळवी लागत नाही."

घरी येईपर्यंत तंकम एकदाच बोलली. "तुमचा स्वभाव बघता," ती म्हणाली, "शास्त्रात तथ्य आहे."

संध्याकाळपर्यंत ही बातमी कुंपणाच्या भिंतीपलीकडे पोहोचली. भिंतीपलीकडे वारीद राहत असे. कौलांच्या कारखान्यात मुकादम म्हणून आयुष्य गेलेला, एकाहत्तर वर्षांचा, रुंद छातीचा ख्रिस्ती गृहस्थ. पिशारडी त्याला गावच्या रीतीप्रमाणे वारीदचेट्टा, म्हणजे वारीददादा म्हणत. पण त्या 'दादा'त जिव्हाळ्यापेक्षा अंतर जास्त होतं. वीस वर्षांच्या शेजारात त्यांचं बोलणं भिंतीच्या उंचीपलीकडे कधी गेलं नव्हतं.

"पिशारडी, झाड मिळालं म्हणे तुम्हाला. विषाचं."

"औषधी झाड आहे, वारीदचेट्टा."

"असेल, असेल. उंदरांना विचारायला हवं."

पिशारडी आत गेले आणि त्यांनी रक्तदाबाची गोळी वेळेआधी अर्धा तास घेतली.

दुसऱ्या दिवशी ते अब्दूच्या रोपवाटिकेत गेले. अब्दूकडे आंब्याच्या अकरा जाती होत्या, गोऱ्या साहेबाच्या नावाचे गुलाब होते, कुंडीतल्या कुंडीत म्हातारी होणारी झाडं होती. काजरा नव्हता. "काजरा काढून टाकायला लोक मला बोलावतात," अब्दू म्हणाला. "विकत मागणारे पहिले तुम्हीच. घरी सगळं ठीक आहे ना?" त्यानं एवढ्या काळजीनं विचारलं की पिशारडींना बसून नवसाची सगळी हकीकत सांगावी लागली. ती ऐकून अब्दूनं सुचवलं, की सरकारी वनीकरण कचेरीत नक्षत्रवनाची रोपं मिळतात, फुकट.

कचेरीत खिडकीमागे एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी पिशारडींचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुटं रोप देत नाही. संच देतो. सत्तावीसचा."

"मला एकच हवंय."

"संच फोडता येत नाही, काका. आणि संच व्यक्तीला देत नाही, संस्थेला देतो. संस्थेचा ठराव, जागेचा नकाशा, लागवडीचा हेतू. तीन प्रतींत."

पिशारडींनी त्या बाईंकडे पाहिलं. तीन प्रतींत हे शब्द त्यांनी स्वतः तेहतीस वर्षं उच्चारले होते, असल्याच एका खिडकीमागून, याच थंड प्रेमानं. ते ऐकताना समोरच्या माणसाला कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ज्यांना ज्यांना आपण परत पाठवलं त्या सगळ्यांची मनातल्या मनात क्षमा मागावी, असं त्यांना वाटून गेलं. पण ती यादी इतकी मोठी होती की त्यांनी अर्जच उचलला.

तर असा एका रोपासाठी सत्तावीस रोपांचा घाट घातला गेला. गल्लीची रहिवासी संघटना होती, पण ती ओणमच्या दिवशी जागी होऊन परत झोपत असे. वॉर्डाच्या सदस्या सुलोचना टीचर यांनी तिला उठवलं. कालव्याकाठी दहा सेंटची, म्हणजे चार गुंठ्यांची, सरकारी पडीक जमीन होती, तिथे नक्षत्रवन करायचं ठरलं. बैठक बोलावली. पणिक्कर पंचांग घेऊन आले आणि ज्याला त्याला त्याचं झाड वाटू लागले.

पहिली दहा मिनिटं फार भक्तिभावाची गेली. मग उत्तराषाढा नक्षत्राच्या एका गृहस्थांना फणस मिळाला. फणस लागले की ते माझेच ना, असं त्यांनी विचारलं आणि भक्तिभाव संपला. श्रवण नक्षत्राच्या एक बाई रुई मिळाली म्हणून रुसल्या, कारण रुई त्यांच्या गटाराच्या कडेला न मागता उगवली होती. उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या त्र्याहत्तर वर्षांच्या आजोबांना ताड आला. ताडी सुरू व्हायला किती वर्षं लागतील हे त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं आणि बोटांवर वर्षं मोजली. मघाला वड, पुष्याला पिंपळ, कृत्तिकेला उंबर. नकाशा काढणाऱ्या पंचायतीच्या इंजिनिअरनं सांगितलं की या तिघांनाच दहा सेंट पुरणार नाहीत, बाकीच्या चोवीस झाडांना कालव्यात उभं राहावं लागेल.

"लावा की दाटीवाटीनं," मागून वारीद म्हणाला. तो नुसता चहा प्यायला आला होता. "झाडांची जागेवरून भांडणं लागतील तेव्हा बैठकीला आपल्यापैकी कुणी नसेल."

सगळे हसले. सुलोचना टीचर म्हणाल्या, "वारीदचेट्टा, तुम्हीपण एक झाड घ्या ना."

"आमच्यात नक्षत्र नसतं, टीचर."

"जन्म तर झालाय ना," पणिक्कर म्हणाले. जन्म झालेला माणूस नक्षत्राशिवाय हिंडतोय ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. "तारीख?"

तारीख चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत होती आणि वारीदला पाठ होती. वेळेचं काय, तर दुपारची घंटा झाली आणि हा रडला, असं त्याची आई मरेपर्यंत सांगायची. पणिक्करांनी डोळे मिटले, जुनी पंचांगं मागवली, कागदावर आकडे मांडले. लोकांचा दुसरा चहा झाला.

"अश्विनी," पणिक्कर म्हणाले. "काजरा."

वारीदनं मान वळवून पिशारडींकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे आपण दोघं एकाच झाडाचे," तो म्हणाला.

पिशारडींना जे वाटलं ते सांगणं कठीण आहे. ज्या झाडानं आपली अब्रू घेतली ते झाडही आता पूर्ण आपलं राहिलं नव्हतं. त्यात अर्धा हिस्सा ज्यानं उंदरांना विचारायला सांगितलं होतं त्याचा होता. "अजून एक काजरा मागवता येईल का?" त्यांनी टीचरना हळूच विचारलं.

"संचात एकच असतो," टीचर म्हणाल्या. "दोन हवे असतील तर चोपन्न झाडं लावावी लागतील."

रोपं आली. सिंह महिन्यातल्या, ऑगस्टअखेरच्या एका रविवारी लावून झाली. सगळ्यात बुटकं रोप काजऱ्याचं होतं, वीतभर उंचीचं, चकचकीत नऊ पानांचं. खड्डा पिशारडींनी आणि वारीदनं मिळून खणला. म्हणजे वारीदनं खणला आणि पिशारडींनी डॉक्टरांनी जड काम करू नका सांगितलंय म्हणून खोली मोजली. फोटो काढताना पिशारडींनी रोपाला हात लावला. वारीदनंही लावला. फोटोत रोप दिसलं नाही.

त्यानंतर पिशारडी रोज पहाटे कमंडलूएवढ्या तांब्यातून पाणी घेऊन कालव्याकाठी जाऊ लागले. नमस्कार, तीन प्रदक्षिणा, पाणी. पंधरा दिवस हे नेमानं चाललं. रोज सकाळी रोपाखालची माती त्यांना ओलीच दिसे. दव फार पडतं, असं त्यांनी तंकमला सांगितलं.

ते दव संध्याकाळी पाच वाजता बादलीतून पडत होतं. वारीदनं आयुष्यात कुठलंही काम तांब्यानं केलं नव्हतं. शिवाय तंकम दुपारी तांदळाचं धुवण ओतून येत होती, कारण नवस मूळ तिचा. आणि वारीदची बायको रोसा मासे धुतलेलं पाणी घालत होती, कारण तिच्या कढीपत्त्याला ते मानवलं होतं. ही शेवटची गोष्ट पिशारडींना वासावरून कळली. पिशारडी समाज पिढ्यान्‌पिढ्या देवळात हार गुंफत आलेला, घरात कांदासुद्धा बेतानं येणारा. आपल्या आयुष्याचा जामीन मत्स्याहारी झाला हे कळल्यावर ते तांब्या घेऊन तिथेच उभे राहिले.

पण बोलायला वेळच मिळाला नाही. त्याच आठवड्यात काजऱ्याची पानं पिवळी पडू लागली. नवाची सात झाली, साताची चार झाली. ज्या दिवशी दोन उरली त्या दिवशी पिशारडी काही न सांगता त्रिशूरला गेले आणि छातीचा आलेख काढून आले.

"सगळं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "काही त्रास होतोय का?"

"मला नाही," पिशारडी म्हणाले. पुढचं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी वेगळ्या विभागात पाठवलं असतं.

परतताना ते कालव्याकडे वळले. रोपापाशी वारीद उकिडवा बसला होता. त्याच्या हातात जपमाळ होती. पिशारडींना पाहून त्यानं ती खिशात टाकली.

"सहज आलो होतो," वारीद म्हणाला.

"मीही सहजच."

दोघांनी रोपाकडे पाहिलं. एक पान गळायच्या बेतात होतं.

"पिशारडी, हे काही खरं नसतं ना? झाडाचं आणि माणसाचं."

वीस वर्षांत वारीदनं त्यांना विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता. पिशारडींना टोमणा सुचला होता, तयारही होता. पण वारीदचा चेहरा बघून तो ओठांवर आला नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी आत्ता छाती तपासून आलो."

"मी काल मुलाला जमिनीचे कागद कुठे ठेवलेत ते दाखवलं," वारीद म्हणाला.

मग दोघं तसेच उठून अब्दूकडे गेले. अब्दू आला, त्यानं रोपाच्या बुंध्याशी बोट खुपसलं, चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"इथे मासे कोण धुतं?" तो म्हणाला. "बुडवलंत तुम्ही ह्याला. हे झाड जांभ्या दगडाच्या फटीत उगवतं, उन्हात, कुणी विचारपूस न करता. ह्याच्यावर आजवर कुणी एवढं प्रेम केलेलं नाही. कसं सहन होणार त्याला?"

त्यानं रोप मातीच्या गोळ्यासकट उचललं, कुजलेली मुळं कापली, वरच्या अंगाला बांधाच्या जांभ्यात खड्डा करून कोरड्या मातीत लावलं. "एकवीस दिवस," तो म्हणाला, "थेंबभर पाणी घालायचं नाही. पाऊस आला तर वरून झाकायचं. जगलं तर जगलं."

"आणि नाही जगलं तर?" पिशारडींनी विचारलं.

"तर मी दुसरं शोधून आणीन. पणिक्करांना सांगायचं नाही."

काहीही न करणं हे किती अवघड काम आहे, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनाच ठाऊक. पहिल्याच दिवशी पिशारडी 'नुसतं बघायला' म्हणून गेले तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता. तो कसा आला हे त्यांना सांगता येईना. वारीद तिथे आधीच होता. त्याच्यामागे बादली होती. तेव्हा एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी दोघांनी रोज यायचं, आणि येताना रिकाम्या हातानं यायचं, असं ठरलं. वारीदनं कारखान्यातल्या दोन मोडक्या लाकडी खुर्च्या आणून ठेवल्या. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात अशी पहाऱ्याची वेळ ठरली. घर ते कालवा दीड किलोमीटर, दोनदा जाऊन येऊन सहा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि पिशारडी मान हलवून ते कधीच विसरून गेले होते. आता झाडापायी ते चालू लागले होते, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पहिले चार दिवस दोघं खात्याच्या आणि कारखान्याच्या गोष्टी सांगत राहिले. पाचव्या दिवशी त्या संपल्या. सहाव्या दिवशी, वारीदनं काही विचारलेलं नसताना, पिशारडी म्हणाले, "इस्पितळात त्या रात्री मी छतावरच्या चौकटी मोजत होतो. एका ओळीत चौदा. डोळे मिटले तर परत उघडणार नाहीत असं वाटायचं. हिला नाही सांगितलं हे. कुणालाच नाही."

वारीदनं खुर्ची जरा जवळ ओढली.

"चौकटी सरळ बसवल्या होत्या का?" त्यानं विचारलं.

"कोपऱ्यातली एक वाकडी होती."

"असतेच एक," वारीद म्हणाला. "तिथेच माणसाची नजर अडकते. बरं झालं, जागे राहिलात." आणि त्यानं आपला जाड हात पिशारडींच्या गुडघ्यावर ठेवला. थोडा वेळ तिथेच राहू दिला. पिशारडींनी मान खाली घातली. इतके दिवस छातीत नळीच्या शेजारी काहीतरी अडकलेलं होतं, ते सुटलं. रडू आलं म्हणायला नको, पण उपरणं ओलं झालं. पाणी घालायला बंदी फक्त झाडापुरती होती.

बाराव्या दिवशी दोन्ही पानं गळून पडली. उरली एक काडी. पिशारडींना वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. "उद्या येणार ना?" त्यांनी विचारलं. "न येऊन काय करू? रोसा घरात थांबू देत नाही," वारीद म्हणाला. ते काडीपाशीही येत राहिले. अठराव्या दिवशी मोठी सर आली तेव्हा एका छत्रीखाली काडी होती आणि दोन म्हातारे भिजत बाहेर उभे होते. तंकम आणि रोसानं हे दृश्य रस्त्यावरून पाहिलं आणि दोघी घरी परतल्या. माशाचं पाणी आणि धुवण यांवरून त्यांच्यात जे काही व्हायचं होतं ते त्या दिवशी आपोआप मिटलं.

तेविसाव्या दिवशी काडीच्या टोकाला तांबूस ठिपका दिसला. पिशारडींनी चष्मा पुसला. वारीदला चष्मा होता पण तो घरी होता, म्हणून त्यानं बोटानं चाचपून पाहण्याचा विचार केला आणि पिशारडींनी त्याचा हात वरच्या वर धरला. अब्दूनं येऊन पाहिलं. "कोंब आहे," तो म्हणाला, "आता तरी ह्याला एकटं सोडा."

जन्मनक्षत्राचा दिवस आठवड्यानं आला. पिशारडी अंघोळ करून देवळात गेले. पूजेच्या पावतीच्या खिडकीशी त्यांनी आपलं नाव आणि नक्षत्र सांगितलं. कारकुनानं पावती फाडली.

"अजून एक," पिशारडी म्हणाले. "नाव, वारीद. नक्षत्र, अश्विनी."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं. पिशारडींनी त्याच्याकडे तेहतीस वर्षांच्या नोकरीत कमावलेल्या नजरेनं पाहिलं. ही नजर म्हणत होती, रकाने दोनच आहेत, नाव आणि नक्षत्र, आणि दोन्ही भरलेले आहेत. कारकुनानं लिहिलं. पुजाऱ्यानं आत ते नाव खणखणीत आवाजात म्हटलं आणि केळीच्या पानाच्या तुकड्यात गंध-फुलाचे दोन प्रसाद दिले.

दुपारी पिशारडींच्या घरी केळीची पानं मांडली. ज्याचं नक्षत्र असतं त्याला पहिलं वाढायचं, ही रीत. तंकम भाताचं पातेलं घेऊन आली आणि थबकली. "पहिलं कुणाला? अश्विनी तर दोघांचंही."

"चेट्टा मोठे आहेत," पिशारडी म्हणाले.

वारीद कपाळावर गंध लावून बसला होता. ते नीट लागलंय का हे त्यानं रोसाला तीनदा विचारलं होतं. भात वाढला, त्यावर डाळ आली, तूप आलं. पिशारडींनी हात जोडून डोळे मिटले. एरवी हे काम दोन क्षणांत उरकायचं. आज उरकेना. देवाचे आभार मानून झाले तेव्हा डॉक्टर आठवले. मग बाकावर बसून नवस बोलणारी तंकम. मग अब्दू. मग तीन प्रती मागणाऱ्या त्या खिडकीतल्या बाई, कारण त्यांनी संच फोडून एक रोप हातावर ठेवलं असतं तर ते घरामागे लावून पिशारडी एकटेच पाणी घालत बसले असते. त्या बाईंचे आभार मानताना त्यांना हसू आलं. मग पणिक्कर, त्यांची जुनी पंचांगं, आणि जुन्या चर्चमध्ये एकाहत्तर वर्षांपूर्वी दुपारी घंटा वाजवणारा तो कोण होता तो. पापड मऊ पडू लागले.

"पिशारडी," शेजारून दबक्या आवाजात प्रश्न आला, "अजून किती जण राहिलेत?"

"एकच," पिशारडी म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडून त्याच्याकडे वळून हात जोडले.

वारीद पानाकडे बघू लागला. त्याचे कान लाल झाले. "जेवा आता," तो म्हणाला, "भात निवतोय."